डिपर

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. घड्याळात साडेचार आणि बाहेर रात्र. इंग्लंडमधल्या एम-६ या मोटरवेवरून आम्ही दोघी दक्षिणेकडे, घरी निघालो होतो. गाडी मी चालवत होते आणि डावीकडच्या सीटवर आई, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. मोटरवेवरचा पाऊस वरून कमी आणि खालून जास्त येतो. पुढच्या लॉरीची चाकं रस्त्यावरचं पाणी उचलतात, त्याचं मातकट धुकं करतात आणि थेट तुमच्या काचेवर फेकतात. मधल्या लेनमध्ये सगळेच ताशी साठ मैलांनी रांगत होते आणि मी अशाच एका लॉरीला मागे टाकत होते. आमचा फाटा अर्ध्या मैलावर असल्याची निळी पाटी दिसली तेव्हा मी तिच्या मागच्या चाकांपाशी होते. तिच्यामागे राहायचं की पुढे जायचं, याचा विचार करायला हवा होता. तो केला नाही. पाय थोडा दाबला, तिच्या तोंडापुढे आले, डावा इंडिकेटर दिला आणि आत शिरले. समोर तीन तिरक्या पट्ट्यांची छोटी पाटी, म्हणजे फाट्याला तीनशे यार्ड उरले. मी ब्रेकला पाय लावला. आणि मागून दिवे आले. एकदा, दोनदा. आरशातून आलेला तो पांढरा उजेड आईच्या चष्म्यावर, माझ्या हातांवर पडला आणि गेला.

"डिपर का गं मारला त्याने?" आईने विचारलं.

"काही नाही. उगाच," मी म्हणाले आणि मोटरवेवरून बाहेर काढणाऱ्या स्लिप रोडला लागले.

उगाच नव्हतं, हे मला तेव्हाच कळत होतं. आरशात त्या लॉरीची जाळी दिसली होती, नुसती जाळी. काच नाही, चालक नाही, वरचा दिव्यांचा पट्टा नाही. मागच्या वाहनाचं एवढंच दिसतं तेव्हा तुमच्यात आणि त्याच्यात किती अंतर असतं, हे सांगायला गणित लागत नाही. दोन गाड्या मावल्या असत्या, फार तर. आई मात्र त्या 'डिपर' शब्दापाशीच रमली. तिचं आयुष्य घाटरस्त्यांच्या एसटीत आणि ट्रकच्या पाठीवर रंगवलेल्या रात्री डिपर वापरण्याच्या विनंत्या वाचण्यात गेलेलं. तिच्या लेखी हॉर्न आणि डिपर ही रस्त्याची बोलीभाषा. इथे आल्यापासून तिला रस्ते मुके वाटतात. "एवढ्या गाड्या आणि कुणी कुणाशी बोलत नाही," असं ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. आणि आता पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं, तर लेक म्हणते, उगाच.

इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, डिपरचा अर्थ एकच दिलाय: मी इथे आहे. बाकी काही नाही. रागावण्यासाठी नाही, कुणाला वाट देण्यासाठीही नाही. परीक्षेला मी हे घोकलं होतं. पण रस्त्यावर पुस्तकी भाषा बोलतो कोण?

आमच्या उजव्या हाताला राहणारे शेजारी तीस-एक वर्षं लॉरी चालवून निवृत्त झाले आहेत. मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीतच ती, पण मनात ते काका आहेत. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत डाव्यापेक्षा अजूनही काळवंडलेला आहे. खिडकी त्या बाजूला असते. एके दिवशी ते कुंपण कापत होते तेव्हा मी त्यांना हा प्रसंग सांगितला. सांगताना मी त्याला नकळत इस्त्री केली. 'घुसले' ऐवजी 'आत आले', 'जवळ' ऐवजी 'जरा पुढे'. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि एकच प्रश्न विचारला. "दिवे तू आत यायच्या आधी लागले की नंतर?"

मी म्हणाले, नंतर. पण म्हणताना थोडी अडखळले.

त्यांचं म्हणणं असं. लॉरी लॉरीला ओव्हरटेक करते तेव्हा आपली शेपूट सुटली का, हे पुढे गेलेल्या चालकाला आरशात नीट कळत नाही. साडेसोळा मीटरचं धूड, त्यात अंधार, त्यात आरशावर पाणी. मग मागे पडलेला चालक एकदा दिवे लावतो: सुटलास, ये आत. पुढचा आत येतो आणि डावा, उजवा, डावा असा इंडिकेटर देतो: आभारी आहे. हे कुणी शिकवत नाही आणि कुठल्या परीक्षेत येत नाही. "म्हणजे तो मला ये म्हणत होता?" मी जरा आशेने विचारलं. ते म्हणाले, गाडीवाल्यांसाठी सहसा कुणी करत नाही. पण पाऊस आहे, काळोख आहे, फाटा जवळ आलाय आणि एक बाई बिचकत चालवतेय असं दिसलं, तर मी करायचो. "आणि नंतर लावले असतील तर?" काकांनी कात्री उचलली. "मग काय म्हणाला ते तुला कळलंच असेल."

बिचकत चालवणारी बाई हे विशेषण मला लागलं, खोटं कशाला सांगू. मी इथे गाडी शिकले तेव्हा शिकाऊ चालकांना मोटरवेवर परवानगी मिळून दोनच वर्षं झाली होती. ती २०१८ च्या जूनमध्ये मिळाली; सोबत अधिकृत शिक्षक हवा आणि त्याच्या पायाशीही ब्रेक हवा. त्याआधी परीक्षा पास होऊन लोक थेट एकट्याने मोटरवेवर उतरायचे, याचं मला अजून नवल वाटतं. पहिल्या दिवशी स्लिप रोडवरून वेग घेताना उजवीकडे लॉऱ्यांची रांग भिंतीसारखी सरकत होती आणि शिक्षक शांतपणे म्हणत होते, 'फट शोध.' फट सापडली, मी शिरले, त्यांनी शाबासकी दिली. ती फट कुणाची होती, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बसस्टॉपवरच्या बाकासारखी ती मला सार्वजनिक वाटली, जो आधी बसेल त्याची.

ती कुणाची असते, हे काकांच्या कुंपणापाशी कळलं. मोटरवेवर गाड्यांना ताशी ७० मैलांची मुभा आहे. साडेसात टनांवरच्या लॉरीला कायद्याने ६०. पण पाटीवरच्या साठाला फारसा अर्थ नाही, कारण इंजिनावरचा लिमिटर तिला ९० किलोमीटरच्या, म्हणजे ५६ मैलांच्या वर जाऊच देत नाही. काका म्हणतात, पाय फरशीतून आरपार घातला तरी छप्पन. ५६ मैल म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पुढच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं, म्हणजे ५० मीटर. रस्ता ओला असेल तर त्याच्या दुप्पट. आता या पन्नास मीटरच्या मधोमध मी शिरले की लॉरीच्या वाट्याला राहतात पंचवीस, म्हणजे एक सेकंद. माझ्या गाडीने असा वाटा खाल्ला तर मी पुढे निघून जाते आणि विसरते. लॉरीला मात्र तो परत मिळवायला वेग कमी करावा लागतो, हळूहळू मागे पडून पुन्हा पन्नास मीटर जमवावे लागतात. जमतात न जमतात तोच दुसरी गाडी येते. मग तिसरी. काका म्हणाले, "दिवसभर मी एक खोली आवरत असायचो आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी बूट घालून आत यायचं."

आणि लॉरी थांबणार किती अंतरात? सहा आसांची, पूर्ण भरलेली लॉरी इथे ४४ टनांपर्यंत असू शकते. माझी गाडी सव्वा टन. माझ्यासारख्या पस्तीस गाड्या दोरीने बांधून कुणीतरी माझ्या मागे पळवतंय, असं मी एकदा डोळ्यांपुढे आणलं आणि मग पुन्हा आणलं नाही. हायवे कोडच्या तक्त्यात ७० मैलांवरच्या साध्या गाडीला थांबायला ९६ मीटर दिलेत. त्यातले २१ मीटर निव्वळ लक्षात येण्यात जातात, ब्रेक लागायच्या आधीच. तेही चालक जागा असेल आणि रस्ता कोरडा असेल तर. शिवाय लॉरीच्या अगदी नाकापुढे गेलेली गाडी चालकाला दिसतही नाही, काच तेवढी उंचावर असते. त्या संध्याकाळी मला आरशात नुसती जाळी दिसत होती. मग त्याला माझं काय दिसत असेल? बहुतेक छपराची एक कड आणि ओल्या रस्त्यावर पडलेला माझ्या ब्रेकचा तांबडा उजेड.

मी लॉरीवाल्यांची बाजू घेतेय असं वाटेल. घेत नाही. मोटरवेवर मला सगळ्यात जास्त संताप कुणाचा येत असेल तर दोन लॉऱ्यांच्या ओव्हरटेकचा. एक ताशी नव्वद किलोमीटरने चाललेली, दुसरी एकोणनव्वदने, आणि पहिलीला पुढे जायचंच असतं. पुढे काढायचं अंतर, दोघींच्या लांब्या आणि आधीनंतरची मोकळी जागा धरून, ऐंशीएक मीटर; आणि दोघींच्या वेगातला फरक ताशी एक किलोमीटर. गणित केलं तर जवळजवळ पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात सात किलोमीटर रस्ता संपतो. तीन लेनच्या मोटरवेवर लॉरीला सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये जायला बंदी आहे, म्हणून ही शर्यत डावीकडच्या आणि मधल्या लेनमध्ये रंगते आणि बाकी सगळं जग उरलेल्या एका लेनमध्ये कोंबलं जातं. जर्मन लोक याला हत्तींची शर्यत म्हणतात. मी त्या रांगेत असते तेव्हा स्टिअरिंगवर बोटं वाजवते आणि आईसमोर बोलता येणार नाही असं बरंच काही बोलते. काकांना विचारलं, एका किलोमीटरसाठी कशाला हा अट्टाहास? ते म्हणाले, साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं सक्तीची विश्रांती. टॅकोग्राफ, म्हणजे लॉरीतलं नोंदयंत्र, सगळं लिहून ठेवतो, एक मिनिटही लपत नाही. त्या साडेचार तासांत ठरलेल्या थांब्याच्या अलीकडे राहिलास तर जागा मिळेल तिथे थांब, आणि जागा मिळत नाही. मला पटलं. पुढच्या वेळी तशाच रांगेत अडकले तेव्हा बोटं तितकीच वाजवली.

सत्तरची मर्यादा सुरुवातीपासून असेल असं मला वाटायचं. नव्हती. १९५८ साली प्रेस्टनचा बायपास झाला, म्हणजे आम्ही ज्या एम-६ वरून जातो त्याचाच पहिला तुकडा. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात एम-१ उघडला. दोन्हींवर वेगमर्यादा नाही, मधोमध कठडा नाही. एवढा वेळ एवढ्या वेगाने धावायची सवय नसलेल्या गाड्या तापून कडेला उभ्या राहायच्या. १९६५ च्या हिवाळ्यात धुक्यात गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि डिसेंबरात चार महिन्यांसाठी, करून बघू म्हणून, सत्तरची पाटी आली. ती १९६७ साली कायम झाली. कायम करणाऱ्या मंत्री बार्बरा कॅसल यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, आणि त्यावरून त्यांना पुष्कळ टोमणे ऐकावे लागले. मला त्यात वावगं काही वाटत नाही. आईलाही येत नाही. पण शेजारच्या सीटवर बसून रस्ता तिला जेवढा दिसतो तेवढा मला स्टिअरिंगमागून कधीच दिसत नाही, कारण तिला कुठे घुसायचं नसतं. मर्यादा ८० करायचं २०११ साली सरकारने बोलून दाखवलं होतं, ते पुढे बारगळलं. सत्तर अजून सत्तरच आहे आणि मी पंचाहत्तरने जाते, जसे बहुतेक जण जातात. कॅमेरा दिसला की सगळ्यांच्या ब्रेकचे दिवे एकदम लागतात, वर्गात मास्तर आल्यासारखे.

पंचाहत्तरने काय मिळतं, तेही एकदा मोजलं. शंभर मैलांना सत्तरने साधारण शहाऐंशी मिनिटं लागतात, पंचाहत्तरने ऐंशी. सहा मिनिटं. घरी पोचल्यावर किल्ली शोधण्यात, पाय ताणण्यात आणि आईच्या "माझी शाल गाडीतच राहिली"मध्ये ती जातात.

दोन सेकंद कसे मोजायचे, हे आईला मी त्याच आठवड्यात शिकवलं, म्हणजे शिकवायला गेले. पुढची गाडी पुलाच्या सावलीतून किंवा एखाद्या खांबापासून पुढे गेली की मोजायला लागायचं. आपण तिथे पोचायच्या आत दोन सेकंद भरले तर अंतर बरोबर. इंग्रजीत यासाठी एक यमक जुळवलेलं वाक्य आहे, नेहमीच्या वेगात म्हटलं की दोन सेकंद होतात. ते तिच्या जिभेवर बसेना. दोनदा प्रयत्न करून तिने ते सोडून दिलं आणि पुढच्या पुलाला स्वतःशीच, हळू आवाजात म्हणाली, "राम कृष्ण हरी." मी डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत होते. तंतोतंत नाही, पण दोन सेकंदांना अगदी खेटून. मग तिला नादच लागला. दर पुलाला, दर खांबाला. पाऊस आला की मी न सांगता दोनदा म्हणायची. कधी तिचं म्हणणं 'कृष्ण'पाशी असतानाच सावली आमच्या टपावरून गेलेली असायची. मग ती काही बोलायची नाही, फक्त माझ्याकडे बघायची.

स्टॅफर्ड गावाच्या उत्तरेला एम-६ ला हार्ड शोल्डर, म्हणजे अडचणीत थांबायची कडेची पट्टी, नाही; तिथेही लेन केलीय. "गाडी बंद पडली तर कुठे थांबायचं?" हा आईचा प्रश्न. दूरदूरवर नारिंगी रंगवलेल्या जागा आहेत तिथे, आणि तिथवर पोचता आलं नाही तर वरच्या पाटीवर त्या लेनवर लाल फुली येईपर्यंत देवावर हवाला. २०२३ मध्ये असे नवे रस्ते करणं थांबवलं. झालेत ते आहेत. आईने त्या पट्ट्यात पर्स जास्त घट्ट धरली, बास.

ती जानेवारीत परत गेली. एका रविवारी फोनवर मी सहज विचारलं, सहज म्हणजे दोन महिने घोकून, "आई, त्या दिवशी लॉरीवाल्याने डिपर मारला तो मी आत शिरायच्या आधी की नंतर?"

"आधी," ती म्हणाली. "मला वाटलं, तो तुला जा म्हणतोय."

"मग तू विचारलंस का, का मारला म्हणून?"

"तू केवढी दचकलीस! म्हणून विचारलं."

मी वर लिहिलं तशा क्रमाने ते झालं असं मला आजही वाटतं: आधी शिरले, मग ब्रेक, मग दिवे. पण ते सांगताना मी स्वतःला दोषी ठरवून मोकळी होतेय की काय, अशीही शंका येते. आईला माझी पाठराखण करायची सवय आहे, मला स्वतःला फटकारायची. ज्याला खरं माहीत आहे तो पुढे निघून गेला, छप्पनने. स्लिप रोडच्या चढावरून मी एकदा खाली पाहिलं होतं तेव्हा त्याचे मागचे दिवे दिसले. पुढे एक गाडी होती आणि तिच्या-त्याच्यात भरपूर मोकळा रस्ता.

मार्चमध्ये मी एकटीच त्याच रस्त्याने येत होते. पुन्हा अंधार, पुन्हा ते खालून येणारं पाणी. डावीकडे कडेचे मार्गदर्शक खडे तांबडे, उजवीकडे लेनचे पांढरे, गाडीच्या उजेडात एकामागून एक पेटत होते. एका टँकरमागे मी पंचावन्नने चालले होते, पूर्ण अंतर राखून, पुलापुलाला आईसारखं पुटपुटत. मधल्या लेनमधून एक लॉरी मला ओव्हरटेक करायला लागली. आधी नाक, मग दार, मग ट्रेलरची ती न संपणारी भिंत, तिच्या चाकांचा ओला खरखराट माझ्या कानाशी आणि वाऱ्याने गाडीला दिलेला हलका धक्का. मिनिटभर तरी ती माझ्या खिडकीत होती. शेवटी शेपूट पुढे गेली. तिचा डावा इंडिकेटर लागला, पण ती आत येईना. मी एकदा दिवे लावले.

ती आली. सावकाश, कूस बदलल्यासारखी. डावा, उजवा, डावा. माझे पन्नास मीटर संपले होते. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि पुढच्या पुलाची वाट बघत राहिले.